साडेतीनशे टेस्ट केस पास, तरी फाइल रिकामी: टेक्स्ट एडिटर तपासायचा कसा?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत आधी मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. नव्या टेक्स्ट एडिटरच्या फीचर्सची यादी तुमच्या हातात दिली गेली. तुम्ही एकेक फीचर घेऊन टेस्ट केस लिहिल्या (काय करून बघायचं आणि काय घडायला हवं याच्या नोंदी), त्या साडेतीनशेच्या वर गेल्या आणि सगळ्या पास झाल्या. रिलीजनंतरच्या पहिल्याच आठवड्यात तीन तक्रारी आल्या. एकाची फाइल उघडली तर रिकामी. एकाच्या मराठी मजकुरात मधूनच चौकोन उगवले. तिसऱ्याने पेस्ट केलेलं अनडू केलं, तर त्याच्या खालचा परिच्छेदही कुरतडला गेला. पुढचा रिलीज दहा दिवसांवर आहे, मॅनेजर डोक्यावर बसलाय आणि तुम्ही विचारताय, की आता आणखी कोणत्या टेस्ट केस लिहू?

माझं म्हणणं, दोन दिवस एकही लिहू नका. मी सतरा वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, त्यातली सहा एका एडिटरवर घालवली, आणि पहिल्या वर्षी तुम्ही केलंत तेच मी केलं होतं. फीचर्सची यादी समोर ठेवून ओळीने टिकमार्क. ती यादी खोटी नसते, पण एडिटरकडून माणूस जी गोष्ट गृहीत धरतो ती तिच्यात कधीच लिहिलेली नसते: मी लिहिलंय ते आहे तसं राहील, आणि जिथे मी हात लावलेला नाही तिथलं अक्षर हलणार नाही. तुमच्या तिन्ही तक्रारी नेमक्या याच न लिहिलेल्या ओळीच्या आहेत. फाइंड चालतंय, सेव्ह चालतंय, पेस्ट चालतंय. बिघडलंय ते त्यांच्या सांध्यात.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगून टाकतो. तुमचा एडिटर कोड लिहिणाऱ्यांसाठी आहे की लेख-पत्रं लिहिणाऱ्यांसाठी, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्याने बराच फरक पडतो. ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा सेव्ह करताना आपोआप काढणं लेख लिहिणाऱ्याला सोयीचं. पण मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी करायच्या पद्धतीत) ओळीअखेरच्या दोन रिकाम्या जागांचा अर्थ ‘इथे ओळ तोडा’ असा असतो, तिथे ही सोय मजकूर बिघडवते. टॅबच्या जागी स्पेस घालणं अनेकांना आवडतं. मेकफाइलमध्ये, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार करायच्या सूचनांच्या फाइलमध्ये, तेच केलं तर ते काम बंद पडतं. अशा ठिकाणी ‘बरोबर काय’ हे टेस्टरने ठरवायचं नसतं. टीमला विचारून एका ओळीत लिहून घ्यायचं. मी तर अशी लेखी उत्तरं एका वेगळ्या वहीत ठेवायचो, कारण चार महिन्यांनी तोच डेव्हलपर उलटं बोलतो.

ते झालं की यादीवर एकदाच हात फिरवा आणि फीचर्सचे दोन ढीग करा. मजकुराकडे नुसती बघणारी फीचर्स एका ढिगात: झूम, थीम, ओळींचे क्रमांक, शब्दसंख्या. मजकुराला हात लावणारी दुसऱ्यात: टायपिंग, पेस्ट, रिप्लेस, अनडू, ऑटोसेव्ह, इंडेंट, एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) बदलणं, सेव्ह. पहिल्या ढिगातला बग लाजिरवाणा असतो, दुसऱ्यातला माणसाचं काम घालवतो. वीस फीचर्सच्या सगळ्या जोड्या लावायला गेलात तर १९० होतात, त्या दहा दिवसांत होणार नाहीत. हात लावणारी आठच घेतलीत तर जोड्या २८. त्या होतात. पेस्ट करून अनडू, रिप्लेस चालू असताना ऑटोसेव्ह, एन्कोडिंग बदलून लगेच अनडू. माझे कामाचे बग बहुतेक इथेच सापडले.

सेव्हपासून सुरुवात करू, कारण रिकामी फाइल ही तिन्हींतली सगळ्यात गंभीर तक्रार. सेव्ह करण्याच्या ढोबळमानाने दोन रीती आहेत. एकीत मूळ फाइल आधी रिकामी करतात आणि मग तिच्यात नवा मजकूर लिहितात. मधल्या क्षणी वीज गेली किंवा जागा संपली तर जुनंही गेलं आणि नवंही. दुसरीत शेजारी तात्पुरती फाइल लिहितात, ती डिस्कवर नीट उतरल्याची खात्री करतात आणि मग नाव बदलून जुनीच्या जागी बसवतात. ही रीत सुरक्षित, पण तिची स्वतःची दुखणी आहेत: फाइलच्या परवानग्या बदलू शकतात, आणि मूळ फाइल सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नुसती खूण असेल तर लिंक तुटून तिथे साधी फाइल येऊन बसते. तुमच्या एडिटरमध्ये कोणती रीत आहे ते डेव्हलपरला सरळ विचारा. काय मोडून बघायचं ते त्यावर ठरेल.

मोडायला महागडी साधनं लागत नाहीत. एक जुना पेनड्राइव्ह घ्या, त्यात सिनेमे-फोटो कोंबून जेमतेम काही केबी जागा उरू द्या. त्यावर आधी ठेवलेली एक छोटी फाइल एडिटरमध्ये उघडा, तिच्यात एखाद एमबी मजकूर पेस्ट करा आणि सेव्ह दाबा. चार गोष्टी बघायच्या. सेव्ह झालं नाही असं एडिटरने स्पष्ट सांगितलं का? पेनड्राइव्हवरची जुनी फाइल शाबूत आहे का? नवा मजकूर स्क्रीनवर अजून आहे का? आणि शीर्षकपट्टीवरची ‘सेव्ह न केलेलं’ची खूण तशीच आहे का? चौथी गोष्ट लोक विसरतात. सेव्ह फसलं, पण खूण गेली, माणूस निवांत खिडकी बंद करतो.

आमच्याकडे हे मी पहिल्यांदा सुचवलं तेव्हा एक सीनियर हसला होता, ‘डिस्क फुल आजकाल कोणाची होते?’ दिवाळी अंकाच्या हंगामात एका छोट्या प्रकाशनाच्या मुद्रितशोधक बाईंचा फोन आला. चाळीस पानं तपासून पेनड्राइव्हवर सेव्ह केली होती, फाइल शून्य बाइटची. पेनड्राइव्हवर कोणीतरी लग्नाचे व्हिडिओ भरून ठेवले होते. त्या बाई फोनवर ओरडल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

याच ओघात दोन टेस्ट उरकून घ्या. टायपिंग चालू असताना टास्क मॅनेजरमधून एडिटर मारून टाका आणि पुन्हा उघडा. किती मजकूर परत मिळतो ते मोजा. विम या एडिटरमध्ये याचं उत्तर ठरलेलं आहे: २०० अक्षरं टाइप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की स्वॅप फाइलमध्ये (मजकूर परत मिळवण्यासाठीच्या तात्पुरत्या फाइलमध्ये) नोंद होते, आणि हे आकडे बदलताही येतात. तुमच्या टीमचा आकडा काय? ‘ऑटोसेव्ह आहे’ हे उत्तर चालणार नाही, सेकंदांत सांगा म्हणावं. दुसरी टेस्ट: एडिटरमध्ये फाइल उघडी असताना तीच दुसऱ्या प्रोग्रामने बदला आणि मग एडिटरमधून सेव्ह करा. न विचारता वरून लिहून मोकळा झाला तर तो बग आहे, कोणी काहीही म्हणो.

आता चौकोन. तुमच्या केसेसमध्ये टेस्ट डेटा काय होता ते तुम्ही सांगितलेलं नाही, पण मी पैज लावतो की ‘एबीसीडी’ आणि ‘टेस्ट १२३’ होता. इंग्रजी अक्षर यूटीएफ-८ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या एन्कोडिंगमध्ये एका बाइटचं असतं, त्यामुळे अर्धे बग त्याच्या आड लपून राहतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. एडिटर फाइल वाचतो ती बऱ्याचदा ४०९६ किंवा ६५५३६ बाइटच्या घासांनी. हे सगळे दोनचे घात, आणि दोनचा कुठलाही घात तीनने भागला जात नाही. म्हणजे मध्ये स्पेस-एंटर काहीही नसलेली, नुसत्या देवनागरी चिन्हांनी भरलेली फाइल असेल, तर पहिल्या घासाच्या टोकाला एक चिन्ह नक्की चिरलं जातं. एडिटरने उरलेले बाइट पुढच्या घासाला जोडले नाहीत, तर त्या जागी चौकोन किंवा काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह दिसतं. म्हणून ‘क’ हे एकच अक्षर एक लाख वेळा असलेली फाइल बनवा. उघडल्यावर बरोबर एक लाख ‘क’ दिसले पाहिजेत, आणि काही न बदलता ‘सेव्ह ॲज’ करून आलेली फाइल मूळ फाइलशी बाइटगणिक जुळली पाहिजे. पाच मिनिटांची टेस्ट आहे. माझ्या अनुभवात इतका जुना आणि इतका पुन्हापुन्हा येणारा बग दुसरा नाही.

फाइल बारकी असली तरी एन्कोडिंगचा घोळ होतोच. विंडोज एक्सपीच्या काळातल्या नोटपॅडमध्ये ‘बुश हिड द फॅक्ट्स’ हे चार इंग्रजी शब्द लिहून सेव्ह केले आणि फाइल पुन्हा उघडली की चिनी अक्षरं दिसायची. लोकांनी त्यात कटकारस्थान शोधलं. कारण साधं होतं: अठरा बाइटच्या त्या फाइलवरून एन्कोडिंगचा अंदाज बांधताना प्रोग्राम चुकायचा आणि तिला यूटीएफ-१६ या वेगळ्या एन्कोडिंगमधली समजायचा. तुमचा एडिटर अंदाज बांधत असेल तर एका ओळीच्या, एका शब्दाच्या आणि पूर्ण रिकाम्या फाइलवर तो काय ठरवतो ते बघाच.

मराठीचं पुढचं प्रकरण जोडाक्षरांचं. ‘क्षत्रिय’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला अक्षरं तीन दिसतात. आत चिन्हं आठ आहेत: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य. बाइट चोवीस. मग शब्दाची ‘लांबी’ किती? बाण दाबला की कर्सर किती ठिकाणी थांबावा? युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) जुन्या नियमाने त्याचे पाच तुकडे पडायचे, २०२३ साली आलेल्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरं एकसंध धरतात आणि तीन पडतात. म्हणजे डेव्हलपरने नुसती लायब्ररी (वापरायला घेतलेला तयार कोड) अपग्रेड केली तरी बाणाची वागणूक बदलते, आणि रिलीज नोट्समध्ये त्याचा पत्ता नसतो. बॅकस्पेसने एकेक चिन्ह जावं आणि डिलीटने अख्खं अक्षर जावं, ही रीत बऱ्याच ठिकाणी दिसते. तुमच्याकडे काय ठरलंय ते त्या वहीत उतरवा. मी एवढंच आग्रहाने बघायचो की कर्सर दिसतो तिथेच टाइप होतंय ना, आणि शब्द अर्धा खोडून पुन्हा टाइप केला तर बाइट पहिल्यासारखेच येतात ना.

‘दऱ्या’ हा माझा लाडका शब्द. त्यातला आडवा र दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे वेगळं चिन्ह, मग हलन्त आणि य देतात. काही साधा र, हलन्त, मग न दिसणारा एक जोडक आणि य देतात. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, पण एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. याहून गंमत पुढे आहे. आमच्या एडिटरमध्ये ‘अदृश्य चिन्हं साफ करा’ असा एक पर्याय होता, वेबवरून चिकटवलेल्या मजकुरासाठी. तो चालवला की न दिसणारा जोडक जायचा आणि ‘सह्याद्रीच्या दऱ्या’चं ‘सह्याद्रीच्या दर्या’ व्हायचं. डोंगरात समुद्र! टेस्ट केस मात्र पास, कारण अदृश्य चिन्हं खरोखरच साफ झाली होती. ‘ॲप’चंही असंच. ‘ॲ’ला स्वतंत्र जागा २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये मिळाली. त्याआधीच्या फाइलींमध्ये तो ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिलेला सापडतो, आणि शोधात दोघांची ओळख पटत नाही.

फाइंड-रिप्लेसमध्ये ‘पूर्ण शब्दच शोधा’ ही चौकट टिक करून बघितलीत का? नसेल तर हे करा. ‘घर बांधलं. घरात दिवा लावला. घरी आलो.’ असं लिहा. पूर्ण शब्द ‘घर’ शोधून त्या जागी ‘वाडा’ घाला. बरोबर उत्तर एक बदल. पण शब्दाची हद्द ठरवायला रेजेक्स, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायची सांकेतिक भाषा, वापरलं असेल तर घात होतो. पायथनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये काना, वेलांटी, हलन्त ही ‘शब्दातली अक्षरं’ धरलीच जात नाहीत. त्याला ‘मराठी’ शब्दात ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे दिसतात. त्याच न्यायाने ‘घरात’मधलं ‘घर’ त्याला पूर्ण शब्द वाटतं, आणि तुमच्या हातात येतं ‘वाडाात दिवा लावला. वाडाी आलो.’ जावास्क्रिप्टच्या साध्या रेजेक्समध्ये तर शब्दातली अक्षरं फक्त इंग्रजी, आकडे आणि अंडरस्कोर, त्यामुळे तिथे ‘घर’ पूर्ण शब्द म्हणून सापडतच नाही. एकाच टेस्टने दोन्ही प्रकारचे बग उघडे पडतात.

जुन्या फॉन्टमधल्या फाइलीही एक-दोन ठेवा, सरकारी कार्यालयांत आणि छापखान्यांत त्या अजून भेटतात. त्यांत मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात. कृतिदेव या फॉन्टमध्ये लहान ‘डी’ म्हणजे ‘क’ आणि मोठा ‘डी’ म्हणजे अर्धा ‘क’. तुमच्या एडिटरने वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं केलं की मजकुराची वाट लागली.

आता अनडू. इथे हाताने टेस्ट करून भागत नाही, कारण माणूस शहाण्यासारखं टाइप करतो आणि बग वेड्यासारख्या क्रमात लपलेला असतो. मी काय करायचो ते सांगतो. एक छोटी स्क्रिप्ट यादृच्छिक क्रमाने कृती करते: टाइप कर, खोड, कुठेतरी जाऊन पेस्ट कर, रिप्लेस कर. प्रत्येक कृती ती एडिटरवर करते आणि तीच एका साध्या स्ट्रिंगवरही करते. ही स्ट्रिंग म्हणजे सावली. दर पावलाला एडिटरमधला मजकूर आणि सावली जुळली पाहिजे. २०० कृती झाल्या की शेवटपर्यंत अनडू: मूळ मजकूर परत आला पाहिजे. मग शेवटपर्यंत रीडू: शेवटचा मजकूर परत आला पाहिजे. यादृच्छिकतेचं बीज (ज्या आकड्याने तोच क्रम पुन्हा मिळतो तो) लॉगमध्ये लिहून ठेवा, नाहीतर बग एकदा दर्शन देतो आणि पुन्हा भेटत नाही. तुम्हाला प्रोग्रामिंग फारसं येत नसेल तर डेव्हलपरला चहा पाजून अर्ध्या दिवसात लिहून घ्या. तो लिहिताना स्वतःच दोन बग शोधेल.

या स्क्रिप्टने आमच्याकडे पहिल्याच रात्री एक बग पकडला आणि तो ऐकून तुम्हाला तिसरी तक्रार आठवेल. विंडोजवरच्या ओळीच्या शेवटी दोन चिन्हं असतात, लिनक्सवर एकच. आमचा एडिटर पेस्ट झालेला मजकूर आत घेताना दोनाचं एक करायचा, पण अनडूच्या नोंदीत लांबी लिहायचा ती आधीची. बारा ओळी पेस्ट केल्या की मध्ये ओळी तुटण्याच्या जागा अकरा, म्हणून नोंद अकरा चिन्हांनी जास्त. अनडू केलं की पेस्ट केलेलं जायचं, आणि सोबत खालच्या परिच्छेदाची पहिली अकरा चिन्हंही. एकच ओळ पेस्ट करून तपासलं तर फरक शून्य, आणि आमच्या सगळ्या टेस्ट केस एका ओळीच्या होत्या.

परफॉर्मन्सवर फार वेळ घालवू नका. दहा एमबीची फाइल दोन प्रकारे बनवा, एकदा लाखभर छोट्या ओळींची आणि एकदा एकाच ओळीची. दुसरी बहुतेक एडिटरांना जड जाते. व्हीएस कोड हा कोड लिहिण्याचा एडिटरसुद्धा मूळ सेटिंगमध्ये २०,००० चिन्हांपेक्षा लांब ओळीतल्या कोडला रंग द्यायचं सोडून देतो. तुमचा एडिटर रंग सोडू दे, हळू चालू दे, मजकूर मात्र जाता कामा नये.

दहा दिवसांची वाटणी मी अशी करेन: पहिले दोन दिवस प्रश्न विचारून वही भरणं आणि मराठी टेस्ट फाइलींचा संच बनवणं, पुढचे तीन सेव्ह आणि रिकव्हरी, दोन दिवस फाइंड-रिप्लेस आणि त्या २८ जोड्या. अनडूची स्क्रिप्ट रोज रात्री चालू ठेवून घरी जायचं. उरलेल्या तीन दिवसांत जुन्या साडेतीनशेमधल्या पन्नासएक निवडक केसेस, पण टेस्ट डेटा बदलून. बाकीच्या राहिल्या तर राहू द्यात, आणि त्या राहिल्यात हे मॅनेजरला आधीच मेलने कळवा, तोंडी नको.

तोवर तक्रार करणाऱ्या तिघांना आजच फोन करा. रिकाम्या फाइलवाल्याला विचारा, फाइल कुठे सेव्ह केली होती आणि तिथे जागा किती उरली होती. अनडूवाल्याला विचारा, पेस्ट कुठून केलं होतं आणि किती ओळी होत्या. चौकोनवाल्याकडून स्क्रीनशॉट घेऊ नका, त्याचा उपयोग नाही. मूळ फाइल मागवा, हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा आणि जिथे चौकोन दिसला ती जागा सुरुवातीपासून कितव्या बाइटवर येते ते मोजा. आकडा ४०९६, ८१९२ किंवा ६५५३६ च्या आगेमागे निघाला, तर डेव्हलपरला बग रिपोर्टमध्ये तेवढाच आकडा लिहून पाठवा. त्याला कळेल.